मी बंद केलेला इशारा

अर्चनावहिनींनी महिनोन् महिने बसून टाइप केलेला प्रबंध मी घालवला. आमच्या घरात आजवर वेगळंच सांगितलं गेलं. पूजेत काहीतरी चुकलं, देवीला ते रुचलं नाही, सुनेनं करायला नको ते केलं, असं. त्यातलं काहीही खरं नव्हतं. संगणक मला सांगत होता की तो मरायला टेकला आहे, आणि मी त्याचं सांगणंच बंद करून टाकलं. पुढं सगळं गेलं तेव्हा मी एक वाक्य बोललो. ते खोटं नव्हतं, पण एवढं वाईट मी त्याआधी आणि त्यानंतर कधी बोललेलो नाही.

आमचं घर तुळजापुरात, देवळाकडं उतरणाऱ्या एका बोळात. अण्णा शाळेत कारकून होते. दादा सोलापूरला एका कारखान्यात नोकरीला होता आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचा. मी धाराशिवच्या कॉलेजात जात होतो. घरात दिवसभर आई आणि वहिनी. सकाळी जाग यायची ती भाकरी थापल्याच्या आवाजानं. आईची थाप जड, वहिनींची हलकी आणि भराभर. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की आज चुलीपुढं कोण आहे. भाकरी, शेंगांची चटणी, येसराची आमटी, आणि बाहेर बोळातून जाणाऱ्या यात्रेकरूंचा "आई राजा उदो उदो". हा आवाज आमच्या घरात इतका मुरलेला होता की पाहुण्यांनी विचारल्यावरच तो आम्हाला ऐकू यायचा. आता पुण्यात राहतो, तिथं मला झोप येत नाही त्याचं कारण बायको कामाचा ताण सांगते. मला वाटतं, खिडकीखालून कोणी उदो म्हणत जात नाही, हे खरं कारण असावं.

संगणक पुढच्या खोलीत होता. कारखान्यानं जुने संगणक काढून टाकले तेव्हा दादानं त्यातला एक पोत्यात गुंडाळून यष्टीच्या मागच्या सीटवर बसवून आणला. आईनं त्यावर जुन्या पातळाची खोळ शिवली. सुरुवातीला त्याला रोज नवा व्हायरस लागायचा, कारण वहिनींकडं काम घेऊन येणारा प्रत्येकजण आपला पेनड्राइव्ह घेऊन यायचा. वहिनी माहेरच्या आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या. तिथं लग्नाआधी त्या टाइपरायटरवर मराठी शिकल्या होत्या. बोटांकडं न बघता, मान किंचित वाकडी करून, कागदावर नजर ठेवून टाइप करायच्या. लग्नपत्रिका, अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका. आईची अट एकच होती, "सैपाकपाणी आवर, मग तुला काय बडवायचं ते बडव." वहिनी हसून म्हणायच्या, "बडवते की, तुमचाच फोटो काढून छापते पत्रिकेवर." त्या वेळी त्या दोघींत असं बोलणं चालायचं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

व्हायरसला कंटाळून मी त्या संगणकावर विंडोज काढून लिनक्स घातलं. एका मासिकाबरोबर आलेली सीडी होती. लिनक्स फुकट होतं, त्याला व्हायरस लागत नव्हते, आणि मुख्य म्हणजे ते आमच्या बोळात दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं. पहिले काही आठवडे काहीही धड चालेना. मराठी जोडाक्षरं फुटून पडायची, "प्रबंध" लिहिलं की र कुठंतरी लांब जाऊन उभा राहायचा. प्रिंटर नुसतं काळं पान ओकायचा. एकदा नवे बदल उतरवून घेतल्यावर पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहिली. मी सायबर कॅफेत जाऊन उत्तरं शोधायचो, पाठ करून यायचो आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचो. काही वेळा गाडी रुळावर यायची. आई दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "हे काय मंतर टाकतंय रे लेकरू?" अण्णा पेपर खाली न घेता सांगायचे, "टाकू द्या. बाहेर उंडारण्यापेक्षा बरं." वहिनी मात्र खरंच कौतुकानं बघायच्या. "भावजी, तुम्हाला कसं कळतं हो, कुठं दुखतंय त्याचं?" या प्रश्नानं माझ्या डोक्यात हवा गेली. मला खरंच वाटायला लागलं की मला कळतं.

मग बेंबळीचे सर आले. कॉलेजात शिकवायचे, सडपातळ, पांढरा शर्ट, बोलताना शब्द निवडून घ्यायचे. तेरणाकाठच्या शेतीच्या अवजारांवर त्यांचा प्रबंध होता. मूळ मजकूर त्यांनी हातानं लिहिला होता, पण ते आठवड्यातून एकदा येऊन वहिनींच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि तिथंच वाक्यं बदलायचे, नवी सांगायचे, परिच्छेद उचलून दुसरीकडं ठेवायला लावायचे. कुळवाच्या फासाचं, म्हणजे पात्याचं, नाव तेर गावाला एक आणि आमच्याकडं दुसरं, असं काही निघालं की वहिनी टाइप करता करता म्हणायच्या, "सर, वाशीला आमचे वडील तिसरंच म्हणतात," आणि सर ते लगेच घालायला सांगायचे. अशी पानंच्या पानं कागदावर कुठंच नव्हती. होती ती त्या पेटीत. अण्णांनी शब्द दिला होता की हे काम नीट पार पडलं तर दिवाळीनंतर पुढची खोली वहिनींची. दाराबाहेर पाटी लावायची. वहिनींनी पाटीवरचा मजकूर तीन-चार अक्षरवळणांत करून मला छापून दाखवला होता आणि कुठलं बरं दिसतं ते विचारलं होतं. त्यांच्यासाठी त्या कामात काय होतं हे मला पुरतं माहीत होतं. नकळत झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

भाद्रपदाच्या मध्याला त्या पेटीतून आवाज यायला लागला. नखानं पत्र्यावर टिचकी मारावी तसा. मग थोडी शांतता, मग परत. टिचकी वाजली की पडद्यावरचा बाण थिजायचा आणि वहिनी हात वर धरून थांबायच्या, ताटात कोणी वाढत असताना थांबतात तशा. त्याच दिवसांत कोपऱ्यात एक खिडकी उघडायला लागली. तिच्यात लिहिलेलं असायचं की डिस्कमध्ये दोष वाढत आहेत, माहितीची प्रत दुसरीकडं काढून ठेवा. वहिनींनी ते मला वाचून दाखवलं. "भावजी, सगळं सीडीवर काढून ठेवू का? कॅफेवाला करून देतो म्हणाला." मी म्हणालो, "त्याला लिनक्समधलं काय कळतंय? लिनक्सला काही होत नसतं, वहिनी. जुन्या डिस्का असंच बोंबलतात." आणि मी ती खिडकी पुन्हा उघडणार नाही अशी व्यवस्था करून टाकली. सोपं होतं, एका चौकोनातली खूण काढायची. खिडकी गेली. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं बाई, धसकाच घेतला होता मी."

टिचक्या थांबल्या नाहीत. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी वहिनींनी हाक मारली. पाचव्या प्रकरणात बदल केले होते आणि संगणक ते साठवूनच घेईना. डिस्क आता फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही, असं म्हणत होता. आज मी पुण्यात एका कंपनीत हेच काम करतो. रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रांची तब्येत बघणं ही माझी नोकरी आहे, आणि हाताखालच्या पोरांना मी पहिल्यांदा हेच शिकवतो की डिस्कनं असं दार लावून घेतलं तर ती तुमच्यावर उपकार करते आहे. आत पडझड चालू आहे, आता लिहाल तर शाबूत आहे तेही मोडेल, म्हणून ती लिहू देत नाही. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं असंही नाही. कॅफेत सापडलेल्या उत्तराच्या खाली कोणीतरी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आधी प्रत काढा, मगच हे करा. मी वरचं उत्तर घेतलं, खालची ओळ सोडली. घरी येऊन यंत्र सुरू होताना वाचली जाते त्या फाइलीतला एक शब्द बदलला. दोष आढळला तर लिहिणं थांबव, याऐवजी दोष आढळला तरी चालू ठेव. संगणक परत चालू केला. पाचवं प्रकरण साठवलं गेलं. वहिनी म्हणाल्या, "जमलं की!" मी कॉलर ताठ केली.

त्या वर्षीचं नवरात्र मला सगळं आवाजांनीच आठवतं. बोळातून माणसांचा लोंढा, लांबून संबळ, आणि पुढच्या खोलीत ती टिचकी. घटाजवळ धान्याला कोंब फुटत होते, वरच्या दांडीला कडाकणीच्या पुऱ्या बांधलेल्या होत्या आणि घरभर तुपाचा आणि ओल्या मातीचा वास होता. तिसऱ्या की चौथ्या माळेला वहिनींनी दाखवलं की दुसऱ्या प्रकरणात मधेच एका ओळीनंतर नुसते चौकोन आले आहेत, आणि त्याच्या खाली पाचव्या प्रकरणातला परिच्छेद येऊन बसला आहे. "हा इथं कसा आला हो? मी न्हाय टाकला." मी ते बघितलं आणि डिस्कच मोडते आहे हे ओळखलं. तरी मी म्हणालो, "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. मागं झाला होता ना, तसाच. दसरा झाला की बघतो." फॉन्टनं परिच्छेद हलत नाही, हे तर शाळेतल्या पोरालाही पटलं असतं. वहिनींनी विश्वास ठेवला, कारण मागच्या वेळी खरंच फॉन्टचा प्रॉब्लेम होता आणि मी तो सोडवला होता. प्रत काढायला तेव्हाही वेळ होता. निदान निम्मं वाचलं असतं. पण प्रत काढायची म्हणजे आधी कबूल करायचं. रोज सकाळी मी ठरवायचो आणि रोज यष्टीत बसून धाराशिवला निघून जायचो.

खांडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. विळी, कोयता, अण्णांचं पेन, दादाची पक्कड, शिलाई मशीन, आणि त्या वर्षापासून संगणक. एकदा पूजा मांडली की दसऱ्यापर्यंत त्या वस्तूंना कामाला लावायचं नाही. वहिनींनी संगणक नीट, सांगितला होता त्या क्रमानं बंद केला, पुसला, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली. पाण्याचा थेंबही पडू दिला नाही. मी दारात उभा होतो. टिचकी थांबली होती आणि मला त्या शांततेची भीती वाटत होती.

दसऱ्याला दुपारी सर यायचे होते, छापील प्रत बघायला. दादाला सुट्टी मिळाली नव्हती, तो सोलापूरलाच होता. जेवणं झाली, पूजा उचलली, आणि वहिनींनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, एकसारख्या, चुकांच्या. मग त्या थांबल्या. मग आतून एक लांब खरखर आली आणि काहीच राहिलं नाही. मी सीडीवरून सुरू करून बघितलं. डिस्क तपासायला लावली. तपासणीनंतर उरलं ते एकाच फोल्डरमध्ये. तुटकी मोडकी चिंधी जिथं टाकली जाते त्या फोल्डरचं नावच हरवलं-सापडलं असं आहे. त्यात नुसते आकडे नावं म्हणून घेतलेले तुकडे होते. एक उघडला, त्यात अर्धं वाक्य होतं नांगराबद्दल. दुसऱ्यात चौकोन. तिसऱ्यात काहीच नाही. वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

आई आतून आली. "काय झालं?"

"सगळं गेलं, आई," वहिनी म्हणाल्या.

"गेलं म्हंजे? काल तर चालू होतं की."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अण्णांनीसुद्धा पेपर खाली घेतला. आणि मी म्हणालो, "पूजेच्या आधी चालू होतं."

एवढंच. कोणावर बोट ठेवलं नाही. ठेवायची गरज नव्हती. आमच्या घरात, देवीच्या गावात, ऐन नवरात्रात त्या वाक्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत होतं. आईनं वहिनींकडं बघितलं. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"अर्चना, तू बाजूला होतीस का गं?"

"न्हाय, आई."

"खरं सांग. पूजेला हात लावलास. मला सांगायचं हुतं, म्या केली असती."

"देवीशपथ न्हाय, आई. मागच्याच आठवड्यात..." वहिनींचं तोंड लाल झालं. सासरा आणि दीर समोर असताना त्यांना कॅलेंडरचा हिशोब सांगावा लागत होता. अण्णा उठून बाहेर गेले. मी टेबलाखाली शिरलो आणि वायर घट्ट करायला लागलो. ती आधीच घट्ट होती. तिथून मला फक्त वहिनींची पावलं दिसत होती, एकावर एक ठेवलेली. थोड्या वेळानं सर आले. वहिनींनी स्वतः सांगितलं. सर ओरडले नाहीत. बराच वेळ खुर्चीवर बसले, चहा न पिता आपले हस्तलिखिताचे कागद पिशवीत घालून उठले आणि म्हणाले, "असू द्या. पुढचं काम मी बसस्टँडजवळच्या टायपिंगवाल्याकडं करून घेतो."

पाटी लागली नाही. दिवाळीनंतर पुढच्या खोलीत अण्णांनी धान्याची कणगी ठेवली. वहिनींना कोणी टाइप करू नको म्हणालं नाही, त्याच परत बसल्या नाहीत. मी पुण्यात आलो, नोकरी लागली, लग्न झालं. दर नवरात्रात घरी जायचो आणि बघायचो. घट आई मांडायची, माळ आई लावायची, वहिनी स्वयंपाकघरात. तसा नियम कोणी केला नव्हता. पुढं तर वहिनीच प्रत्येक सणाच्या आधी कॅलेंडर बघून बसायच्या आणि जरा शंका आली की आपणहून म्हणायच्या, "मी बाजूला आहे, आई." बायकोनं एकदा मला सांगितलं, "अहो, त्या नसतात बाजूला. मला कळतं ना. उगीच म्हणतात." पुण्यात माझ्या टेबलापुढच्या पडद्यावर लाल पट्टी आली की मी अजूनही लगेच उठतो; सहकारी मला फार काळजी घेणारा माणूस समजतात.

अण्णा गेले. दादाचे केस पिकले. गेल्या खांडेनवमीला आम्ही सगळे घरी होतो. दादाची मुलगी सई कॉलेजातून लॅपटॉप घेऊन आली होती आणि विळी-कोयत्याच्या शेजारी तो ठेवून हळदकुंकू लावायला निघाली. दुपारची वेळ होती, सगळे पुढच्याच खोलीत होतो. आई आता खुर्चीवर बसूनच सगळं बघते. ती माझ्याकडं हात करून म्हणाली, "सई, तू न्हाय. नंदूला करू दे."

"का? माझा लॅपटॉप आहे, आजी."

"आपल्याकडं एकदा झालंय. तुझ्या आईनं पूजा केली आन् मशीन गेलं. परक्या माणसाचं काम हुतं त्यात."

सई हसली. "पूजेनं हार्डडिस्क जाती व्हय, आजी?" तिनं वहिनींकडं बघितलं, आईनं आपल्या बाजूनं बोलावं म्हणून. वहिनी ताटात कडाकणी रचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आजी म्हणते तसं कर, सई. माझ्याच हातनं झालं होतं काहीतरी."

मला वाटत होतं की वहिनींना आतून माहीत असेल. आपलं काही चुकलेलं नाही, एवढं तरी त्यांनी स्वतःजवळ राखलं असेल. तेही मी त्यांच्याकडं उरू दिलं नव्हतं. सईच्या हातात कुंकवाची कोयरी होती आणि ती मला देण्यासाठी पुढं केली होती.

मी म्हणालो, "आई, ते पूजेनं गेलं नव्हतं. मी घालवलं."

"काय?"

मी सांगितलं. टिचकी, कोपऱ्यातली खिडकी, मी ती कशी बंद केली, प्रत काढू नका म्हणालो, डिस्कनं दार लावून घेतलं होतं ते मी उघडून दिलं. आईला त्यातलं अर्धं कळलं नसेल. पण पूजेच्या कितीतरी आधीपासून ते मरत होतं आणि मला ठाऊक होतं, हे तिला कळलं. दादा म्हणाला, "च्यायला, नंदू." आई माझ्याकडं बघत राहिली. "मग तवा बोलला का न्हाईस? मी हिला काय काय इचारलं. तुमच्या देखत इचारलं."

"भ्यायलो, आई."

वहिनींनी ताट खाली ठेवलं. "ते चौकोन आले होते," त्या म्हणाल्या. "फॉन्टचं आहे म्हणाला होता तुम्ही. तेसुद्धा?"

"तेसुद्धा."

"म्हणजे त्या दिवशी काढून घेतलं असतं तर?"

"बरंचसं राहिलं असतं."

बोळातून माणसं जात होती. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, जणू उत्तर परत घेतलं जाईल अशा भीतीनं, "मी काहीच चुकले नव्हते?"

किती वेळा मी हे त्यांना एकटीला गाठून सांगायचं ठरवलं होतं. तसं केलं असतं तर त्या "असू द्या भावजी" म्हणाल्या असत्या आणि घरात काहीच बदललं नसतं. आता आई समोर होती, दादा होता, त्यांची मुलगी होती. मी उभा राहिलो.

"वहिनी, तुम्ही काहीच चुकला नव्हता. यंत्र मी मारलं. आई तुम्हाला विचारत होती तेव्हा मी टेबलाखाली होतो, सगळं ऐकत होतो, आणि मला खरं माहीत होतं. तुमचं काम मी घेतलं, या घरातली तुमची जागा मी घेतली. मला माफ करा. नाही केलंत तरी चालेल, पण हे या सगळ्यांच्या समोर मी म्हणालो, एवढं लक्षात असू द्या."